चेसिसचा शेवटचा आकडा

इक्बाल, तू मेला, अन् वरोऱ्यात जो भेटते तो तुझेच गुण गाऊन राह्यला. ‘असा मिस्त्री पुन्हा होणार नाई.’ ‘कोणाचं वाईट केलं नाई बिचाऱ्यानं.’ बिचाऱ्यानं! तुझ्या मयतीत हे ऐकलं, चाळिसाव्याले पुन्हा ऐकलं, अन् दोन्ही वेळा मुंडी हालवून चूप बसलो. मयतीच्या घरी भांडू नये एवढी अक्कल आहे मले. पण आता मी ऊर्जानगरात माझ्या क्वार्टरात आहो, अन् अंगणात तीच फटफटी उभी आहे. सारी दुनिया तुले चांगलं म्हणते तर एकानं तरी खरं बोललं पाह्यजे ना बे. तू माझ्या बाबाची गाडी मारून टाकली. लोखंडाची गाडी कुठी मरते का, असं कोणी विचारीन. मरते. कशी मरते ते तुझ्याहून जास्त कोणाले ठाऊक होतं?

बाबानं ती सैन्याच्या लिलावातून घेतली होती. विलायती, काळी, जुनी, अन् एक लाथ मारली की सारा मोहल्ला उठवणारी. मलेरिया खात्यातली नोकरी त्याची. बोटाले सुई टोचाची, रक्ताचा थेंब काचेवर घ्याचा, अन् समोरच्या गावाले जाचं. नागभीडच्या धानाच्या बांध्यांपासून तर पार गडचिरोलीच्या जंगलातल्या गोंडी वस्त्या-टोल्यांपर्यंत तो त्याच गाडीवर फिरला. फटफट ऐकली की तिथली लेकरं सुईच्या भेवानं मोहाच्या झाडावर चढत. भीमजयंतीले हँडलले निळा झेंडा बांधून मिरवणुकीच्या समोर तीच गाडी राहे, अन् बाबा कोट घालून त्यावर ताठ बसे. बिघडली की तुझ्या अब्बाकडे, रेल्वे फाटकाजवळच्या गॅरेजात. रहमानचाचाशिवाय दुसऱ्याचा हात बाबानं तिले लागू देल्ला नाई.

आपण दोघं त्याच गॅरेजात वाढलो. मले पॉवर स्टेशनात फिटरची नोकरी लागली तरी रविवारी मी तुझ्याकडे येऊन बसे. अन् आपल्याले नाद कशाचा? घासेल नंबर वाचाचा. लोकायले पत्ते लागतात, दारू लागते, आपल्याले चेसिस नंबर लागला. हँडलच्या खालते, गाडीच्या सांगाड्याच्या मानेवर ठोकलेले ते पाच-सहा आकडे. गाडी कोणाची, कागद तिचाच का दुसरीचा, हे सारं त्याच्यावर. अन् आपले लोक नेमके त्याच जागेच्या मुळावर उठेल. दसऱ्याले गाडी धुतली की मानेले लिंबू-मिरची बांधतील, अन् तो लिंबाचा रस वर्षभर टिपटिप आकड्यांवर गळून लोखंड खाईन. कागदं बदलाची वेळ आली की एजंट येईन, पेन्सिलीनं नंबरचा छाप घ्याले सँडपेपरनं घासून काढीन, अन् दरवेळी छाप साफ येते म्हणून खुश होईन. नंबर साफ करता करता नंबरच साफ! तू डोक्याले हात लावून ओरडे, “अबे, चमकवता कायले? वाचाचा आहे तो, आरसा नाई!”

तुझी पद्धत मले अजून पाठ आहे. आधी रॉकेलचा बोळा रात्रभर बांधून ठेवाचा. मंग जुन्या दात घासाच्या ब्रशनं रंगाचे थर एकेक करून काढाचे. मंग खडूची भुकटी चोळाची अन् फुंकर माराची. अन् सकाळचं ऊन तिरपं पडलं की गाडी अशी फिरवाची की उजेड आकड्याच्या कडेवरून सरकला पाह्यजे. सिरोंच्याहून एक जण आला होता, आठवते का? अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी बोले. त्याच्या आज्याची गाडी, मान पुरी गंजेल. सारे म्हणत, भंगारात दे. तू सारी सकाळ उन्हासोबत ती गाडी गोल गोल फिरवली, अन् शेवटी नंबर वाचून देल्ला. तो माणूस उभ्या रस्त्यात तुझ्या गळ्यात पडला. तू मात्र माझ्याकडे पाहून डोळा मारला, जसं काही तूच गाडी जन्माले घातली. फुशारकी तर लय होती तुझ्यात!

अन् नंबर भेटला की तो जपाचा कसा? बिनरंगाची नेलपॉलिश. तिचे दोन हात माराचे, वरतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधाचा, म्हणजे पाणी नाई, रस नाई. ती घ्याले आपण दोन बाप्ये बांगड्यांच्या दुकानात जाऊन उभे राहू. दुकानवाली बाई एकदा म्हणालीच, “काऊन मिस्त्री, दरवेळी बिनरंगाचीच नेता? बायकोले लाल नाई पाह्यजे का?” तू म्हटलं, “फटफटीले लावतो, बाई.” “अगं माय! फटफटीचे लाड पाह्य!” दुकानातल्या साऱ्या बाया हसल्या. तू कानापर्यंत लाल झाला अन् पुढच्या वेळी मले एकट्यालेच पाठवलं.

तुझा एकच कायदा होता, अन् तो तू जो येईन त्याले ऐकवे. कानस लावाची नाई, पंच माराचा नाई. आकडा पुसट असला तर पुसट राहू द्याचा, पण त्याच्यावर हात चालवाचा नाई. माझं-तुझं एकाच गोष्टीवर वाजे. मी म्हणे, तेजाब लावून पाहू. आमच्या प्लांटात पाइप तपासणारे लावतात. ठसा ठोकला की खालचं लोखंडही दबते. वरचं घासून गेलं तरी ते आतलं दबेल राहते, अन् तेजाब लावलं की वेगळं दिसते. तू ऐकूनच घे नाई. “तेजाब लावलं की लोखंडाले भूल पडते, मिल्या. जे डोळ्याले दिसते तेच खरं.” किती रविवार आपण याच्यावर घसे कोरडे केले! चहा थंड होये, चाचा आतून ओरडे, “अबे, गिऱ्हाईक उभं आहे!” अन् आपलं चालूच.

बाबा आजारी पडला तेव्हा तू केलं ते मी नाकारत नाई. त्याच्यात किक माराची ताकद राह्यली नव्हती. तू संध्याकाळी येऊन दारासमोर गाडी सुरू करून दे, अन् बाबा खाटेवर डोळे मिटून तिचा आवाज ऐके. “इंजिनात टॅपेट वाजून राह्यलं, इक्बाल,” असं तो म्हणे. तू म्हणे, “हाव बाबा, उद्या पाहतो.” टॅपेट काही वाजत नव्हतं. म्हाताऱ्याचं मन राखाले तू हो ला हो करे. हे आठवलं की मले आणखी राग येते. तूच तो माणूस, अन् तूच नंतर तसं केलं, हे दोन्ही एका डोक्यात मावत नाई.

बाबा गेला. गाडी माझ्या नावावर कराची होती. त्यासाठी चेसिस नंबर साफ वाचता आला पाह्यजे, अन् आपल्या गाडीचा शेवटचा आकडा अर्धा पुसेल. कागदावर आठ. आपण तुझ्या गॅरेजासमोर उन्हात गाडी आडवी केली. मी पाह्यलं अन् म्हटलं, “आठ आहे. डावी बाजू घासली, बस.” तू वाकला. लय वेळ वाकून राह्यला. बोटानं चाचपलं, खडू चोळला, पुसला, पुन्हा चोळला. मी विचारलं, “काय बे, आठच ना?” तुझं तोंड उतरलं होतं, ते मी पाह्यलं, पण वाटलं बाबाची आठवण आली असंन. मी म्हटलं, “शंका असंन तर तेजाब आणतो, एकदाचं पाहून टाकू.” तू झटकन उभा झाला. “नको. गाडी राहू दे माझ्याकडे. पुढच्या रविवारी ये.”

पुढच्या रविवारी आलो. गाडी धुऊन-पुसून उभी होती, अन् मानेवर नवा काळा रंग. मी रंगावर बोट फिरवलं. सपाट. बिल्कुल सपाट! आठ नाई, एकही आकडा नाई. तू, इक्बाल मिस्त्रीनं, कानस लावून माझ्या बाबाच्या गाडीचा नंबर उतरवून टाकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे काय केलं बे?”

“गंज होता. घासता घासता गेला.”

“गंज? तुझ्या हातून? मले शेंडी लावते का?”

“गेला म्हटलं ना. आता काय जीव देऊ?”

तू माझ्याकडे पाहतही नव्हता. पान्यानं कोणत्या तरी दुसऱ्या गाडीचा नट आवळून राह्यला होता, अन् तो आधीच आवळेल होता. मी तुझी कॉलर धरली. चाचा मधात पडला. त्या बिचाऱ्याले काही समजेना. तो तुलेही समजावे अन् मलेही, अन् आपण दोघंही त्याच्यावरच ओरडलो.

त्यानंतर काय झालं ते तुले ऐकू आलंच असंन, वरोरा केवढंसं आहे! आरटीओतल्या तपासणीवाल्या साहेबानं मानेवरचा रंग खरवडला अन् माझ्याकडे असं पाह्यलं, जसं काही मी आत्ताच कोणाच्या तरी अंगणातून गाडी ढकलत आणली. “नंबर घासून काढेल गाडी म्हणजे चोरीची गाडी,” असं त्यानं भरल्या आवारात म्हटलं. मी बाबाचे कागदं दाखवले. तो म्हणाला, “कागद कशाचेही असतात. गाडी कोणती आहे ते गाडीनं सांगाले पाह्यजे.” त्याचं चुकलं काय? हेच तर तू मले शिकवलं होतं. गाडी रस्त्यावर काढली तर जप्त, म्हणून टेम्पोत टाकून क्वार्टरात आणली अन् ताडपत्री झाकली. जयंतीच्या मिरवणुकीत समोर दुसऱ्याची नवी गाडी आली. आईनं विचारलं, “आपली काऊन नाई रे?” मी म्हटलं, “बिघडली.” ती दरवर्षी विचारे. मी दरवर्षी तेच सांगे. अन् दरवर्षी मनात तुले शिव्या घाले.

आपलं बोलणं बंद झालं. मंग ऐकलं की तू चाचाचं गॅरेज सोडलं अन् नागपूर रोडवर वेगळं शेड टाकलं. मले वाटलं, याले पैशाची हाव सुटली. चाचा एकदा बाजारात भेटला. लय खंगला होता. माझा हात धरून म्हणे, “मिलिंद, मेरा इक्बाल मेरे से काऊन रुसा रे? तुले काही बोलला का?” मी काय सांगू? म्हटलं, “चाचा, माझ्याशीही बोलत नाई तो.” चाचा गेला तेव्हा मी मयतीत आलो होतो. तू खांदा देल्ला, पण तुझ्या डोळ्यात पाणी नव्हतं. मी मनात म्हटलं, दगड आहे हा माणूस.

मंग तूही गेला. काविळीनं, एवढ्या लवकर. मी मयतीत आलो ते लोकलाजेस्तव, खोटं कायले बोलू. चाळिसाव्याले तुझ्या बायकोनं, नसरीननं, जेवणं आटोपल्यावर मले बाजूले बोलावलं.

“मिलिंदभाई, एक बात सांगू का? उनोनी मना केलं होतं. पण आता ओझं होते मले.”

अन् तिनं सांगतलं. एका पावसाळ्यात चाचाच्या गॅरेजात दोन गाड्या एकदम उघडेल होत्या. एक बाबाची, अन् दुसरी आलापल्लीच्या एका बांबू ठेकेदाराची. दोन्ही सैन्याच्या एकाच लिलावातल्या, दोन्ही काळ्या. नंबर सारखेच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. आपला आठ, त्याचा तीन. ठेकेदाराची गाडी नाल्यात पडून चेसिस वाकली होती. चाचानं दोन्ही चेसिस एकाच दिवशी रंगवल्या. ठेकेदार गाडी घेऊन गेला तो नदीपलीकडे गेला, पुन्हा आला नाई. अन् तेव्हापासून बाबा म्हणाले लागला, गाडी डाव्या अंगाले ओढते.

त्या रविवारी उन्हात तू आपल्या गाडीवर तीन वाचला. तू जागच्या जागी समजून बसला की तुझ्या अब्बानं बड्या ठेकेदाराले बाबाची धड चेसिस देल्ली अन् आपल्या गळ्यात त्याची वाकडी मारली. “मिल्यानं तेजाब लावलं तर सारं गाव अब्बाले चोर म्हणीन,” असं तू नसरीनले म्हटलं, अन् कानस उचलली. चाचाले तू कधी विचारलं नाई. फक्त त्याच्या ताटात जेवणं सोडलं, त्याच्या हातचा चहा सोडला, शेवटी घरही सोडलं. नसरीन म्हणाली, “अब्बा मरेपर्यंत विचारत राह्यले. यायच्या तोंडाले कुलूप.”

वा रे मिस्त्री! म्हणजे तुझ्या बापाले कोणी चोर म्हणू नये म्हणून मले चोर ठरवलं. माझी आई दरवर्षी विचारत राह्यली, माझा बाबा जिच्यावर जन्मभर फिरला ती गाडी त्याची का परक्याची हे मले कधीच समजू नये असं तू एकट्यानं ठरवून टाकलं. मले विचारलं असतं तर? मी काय ढोल वाजवला असता गावभर? चाचाच्या घरचा शिरखुर्मा खाऊन वाढलो मी. ठेकेदाराची चेसिस निघाली असती तर मी शिव्या घातल्या असत्या, भांडलो असतो, अन् मंग तुझ्याच ओट्यावर येऊन बसलो असतो. एवढंही ओळखलं नाई तू मले.

त्या रागातच तेजाब आणलं. म्हटलं, आता तू अडवाले नाई, पाहूनच टाकतो. पाइप तपासणाऱ्या दोस्तानं बाटली देल्ली अन् सांगतलं, घाई करू नको, कापसानं हळूहळू लाव. आधी मी हँडल काढलं, मान मोकळी केली. आतली बेअरिंगची वाटी एका बाजूनं पुरी खाऊन गेली होती. मी तिथंच थांबलो. डाव्या अंगाले ओढे ते यानं! चेसिस वाकडी नव्हती. दोरी लावून पाह्यली, सूतभरही फरक नाई. बाबानं त्याच बेअरिंगवर वर्षानुवर्षे जंगल तुडवलं होतं, अन् तुझ्यासारख्या मिस्त्रीनं ती कधी उघडून पाह्यली नाई, कारण तुले उत्तर आधीच ठाऊक होतं ना!

मंग कापूस फिरवला. लोखंड काळं पडलं. पुसलं, पुन्हा फिरवला. बराच वेळ काहीच नाई. वाटलं, तू खोलवर घासलं, गेलं सारं. अन् मंग एक कड दिसली. एकेक आकडा खालून वर येऊन राह्यला होता, धुरकट, पण होता. शेवटच्या आकड्याची उजवी बाजू आधी आली, दोन गोल कमानी, तीनसारख्याच. तुझ्यावर एवढा राग, तरी त्या क्षणी मी चाचासाठी ‘तीन नको, तीन नको’ करत होतो. अन् मंग डावी बाजू आली. वरची कमान, खालची कमान. दोन्ही गोल पुरे झाले.

आठ, इक्बाल. आठ! बाबाचीच गाडी. तुझ्या बापानं काहीच बदललं नव्हतं. त्यानं दोन गाड्या रंगवल्या अन् ज्याची त्याले देल्ली, बस. तू वाचण्यात चुकला. साऱ्या जिल्ह्यातले गंजेल आकडे वाचणारा तू, आपल्या घरच्या माणसाचा आकडा आला अन् चुकला. मी अंगणात ओरडलो, “आठ आहे बे!” अन् तोंड वळवलं, जसा काही तू मांगं उभा आहे अन् आता हुज्जत घालशीन. एवढ्या वर्षांच्या भांडणात मी जिंकलो, अन् कोणाले सांगू? मी त्या गाडीजवळ बसून लहान पोरासारखा रडलो. हे मी फक्त तुलेच सांगून राह्यलो.

आकडे मी सोड्याच्या पाण्यानं धुतले, फोटो काढला अन् दुसऱ्याच दिवशी तो घेऊन नसरीनकडे गेलो. तिनं फोटो लय वेळ हातात धरला. आठ आहे हे तिले सांगावं लागलं नाई. मंग म्हणाली, “कब्रस्तानात जागा नव्हती, म्हणून तुमच्या दोस्ताले अब्बाच्या बाजूलेच जागा देल्ली, मधात हातभर माती असंन.”

मी बुद्धाचा माणूस. मेल्यावर कोणी कोणाचं ऐकते असं मानत नाई, अन् यावरूनही आपण कितीदा भांडलो. माझी माफी मागू नको, मी देणार नाई, माझा राग अजून जिवंत आहे. पण ज्याच्या हातचा चहा तू सोडला, जो मरेपर्यंत बाजारात लोकायले विचारत फिरला की माझा पोरगा काऊन रुसला, तो तिथी तुझ्या बाजूलेच पडेल आहे. कूस बदल बे, अन् त्याले सांग.